चिंचेच्या चौकातला झोका

धारवाड
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ती. गोदावरी अक्कास,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. आपल्या चौकातून सप्तापूरला रिक्षानं पंधरा मिनिटं लागतात आणि मी तुला पोस्टानं पत्र पाठवतोय, यावर तू हसशील. हस. फोन तू उचलत नाहीस, आणि तुझ्या दारात येऊन उभं राहण्याचा धीर मला चाळीस वर्षं वकिली करूनही आलेला नाही. तुझी भावजय लीला दर नागपंचमीला शेंगदाण्याच्या उंड्यांचा डबा घेऊन 'मैत्रिणीकडे' जाते आणि परत आणताना तो तुझ्या घरच्या फडक्यात बांधून आणते, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तिला वाटतं मला कळत नाही. मीही तिचा समज मोडत नाही.

विषय आपल्या चौकाचा आहे. सुभाष रोडच्या मागचा हा चिंचेचा चौक तू सोडलास तसा राहिलेला नाही. अठ्ठ्याण्णवच्या त्या पंचमीनंतर मी अर्जफाटे करून तो गाड्या लावायला करून घेतला. झोक्याची फांदी तोडून घेतली, मातीवर डांबर ओतून घेतलं आणि चिंचेच्या बुंध्याला पत्र्याचा बोर्ड ठोकला: 'येथे मुलांनी खेळू नये.' मराठीत, कानडीत आणि इंग्रजीत. तिन्ही मसुदे माझेच. आता लोक त्याला पार्किंग चौक म्हणतात. पाच गल्ल्यांच्या स्कुटरी तिथे अशा दाटून लावलेल्या असतात की चिंचेपर्यंत जायला माणसाला आडवं व्हावं लागतं.

आता समोरच्या माडीवर भाड्यानं राहायला आलेल्या रूपाली नावाच्या मुलीनं डोकं वर काढलंय. निपाणीची आहे, तीन वर्षांची मुलगी आहे तिला. गाड्या हलवून चौक पुन्हा पोराबाळांना आणि म्हाताऱ्यांना मोकळा करावा म्हणून घरोघर सह्या घेत फिरते. माझ्याकडे आली तेव्हा मी तिला तासभर कायदा ऐकवला. तिनं शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "काका, माझी मुलगी जिन्यात चालायला शिकली. दुसरी जागाच नव्हती. जुन्या अर्जावर पहिली सही तुमची आहे, म्हणून हा कागद पहिला तुमच्याकडे आणला."

मी सही केली नाही. मुलं खेळली की पडतात, हे आपल्या घराइतकं कुणाला ठाऊक. तुझी उत्तरा झोक्यावरून पडली तेव्हा नऊ वर्षांची होती. लीला मधूनच 'माझ्या मैत्रिणीच्या मुलीचा डावा हात अजून कोपरात सरळ होत नाही' असं पुटपुटते, त्यावरून मला काय ते समजतं. त्या दिवसाबद्दल मला नव्यानं काही म्हणायचं नाही. दोरी मी नवी आणली होती, गाठ मी नीट मारली होती. जे झालं ते झालं.

पण तू या घरची मोठी मुलगी आहेस. चौकाबद्दल तुझं मत घेतल्याशिवाय नकार द्यावा हे मला बरं वाटत नाही. सही करू की नको, एवढंच कळव.

ॲड. परशुराम गलगली

---

रविवार, १६ मार्च २०२५

अक्का,

तुझं उत्तर नाही. लीला गेल्या आठवड्यात 'मैत्रिणीकडे' जाऊन आली. मी पेपर वाचत असल्याचं सोंग करत विचारलं की मैत्रीण काय म्हणते. ती म्हणाली, "काही म्हणत नाहीत. एक पत्र आलं होतं त्यांना, ते चष्म्याच्या डबीत ठेवलंय." चष्म्याच्या डबीत म्हणजे रोज हाताला लागणार. मी तेवढ्यावर हो समजलो आणि सही केली. पूर्ण नाही, अर्धी. रविवारी सकाळी सात ते अकरा, एवढ्याच वेळापुरता चौक मोकळा. प्रयोग म्हणून. वकिलाला प्रयोग हा शब्द फार सोयीचा असतो, मागे फिरायची वाट उघडी राहते.

आज तो पहिला रविवार होता.

सहा वाजल्यापासून रूपाली आणि आणखी चार-पाच बायका दारोदार जाऊन गाड्या हलवायला लावत होत्या. शिव्याही खाल्ल्या त्यांनी, मी गॅलरीतून ऐकत होतो. सात वाजता चौक रिकामा झाला आणि मला पहिल्यांदा कळलं की तो एवढा मोठा आहे. मग मुलं यायला लागली. अक्का, मी मोजली. सत्तेचाळीस. एवढी मुलं या पाच गल्ल्यांत राहतात? आजवर मला फक्त त्यांची दप्तरं दिसायची, रिक्षातून बाहेर लोंबणारी. सुरुवातीला ती नुसती उभी राहिली, रिकाम्या जागेत काय करायचं असतं ते विसरल्यासारखी. मग एक मुलगी पळत सुटली. पकडायला मागे कुणी नव्हतं, तरी पळाली. चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. त्यानंतर सगळीच पळाली, आणि जो आवाज उठला तो मी सत्तावीस वर्षं ऐकलेला नव्हता. माझ्या हातातला चहा गार झाला. मी गॅलरीत उभाच.

एक बाळंतीण चिंचेच्या बुंध्याला टेकून बाळाला पाजत बसली होती. दोघी-तिघी तिच्याकडे पाठ करून आडोशाला उभ्या राहिल्या, कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. आणि अंबूताईंना त्यांच्या नातवानं चाकाच्या खुर्चीवरून आणलं. कोपऱ्यावरच्या अंबूताई, आपल्याला चिंचा देताना मोजून देणाऱ्या. सहा वर्षं त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, कारण गाड्यांतून खुर्ची निघतच नव्हती. त्यांनी चिंचेखाली आल्यावर मान वर केली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग मला हाक मारून खाली बोलावलं आणि म्हणाल्या, "परशा, फांदी फुटली की रे."

मी वर बघितलं. जिथून फांदी तोडून घेतली होती तिथे काळा पडलेला घाव अजून आहे. त्याच्या खालून, त्याच दिशेला, दुसरी फांदी गेलेली आहे, माझ्या मांडीपेक्षा जाड. रोज या झाडाशेजारून कोर्टात गेलो आणि रोज परत आलो. एकदाही मान वर केली नाही.

अकरा वाजता गाड्या परत आल्या. मला तो आवाज नकोसा झाला.

परशुराम

---

रविवार, ११ मे २०२५

अक्का,

जे बघितलं ते तुलाच सांगायला पाहिजे.

चार-पाच रविवारांनंतर लोकच म्हणायला लागले की गाड्या परत कशाला आणायच्या. त्या आता पलीकडच्या बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात लावतात. अर्ध्या सहीची पूर्ण सही मी केली. बोर्ड मी स्वतः उतरवला, खिळे गंजून झाडात मुरले होते, दोन अजून आतच आहेत. चौकात साधी फरशी घालायची, मुलांच्या उंचीचा एक नळ आणि बसायला बाक, असं ठरलं. हाताचा आधार असलेला एक तरी बाक हवा, गुडघे दुखणाऱ्यांना उठताना लागतो, असं मी रूपालीला सांगितलं. कुणाचे गुडघे, ते सांगितलं नाही.

काल डांबर उखडायला घेतलं. गवंडी बसप्पा, वयस्क माणूस, तोंडानं कमी बोलणारा. डांबराखाली आपली ती लाल माती, वीतभर. मातीखाली पहार खणकन वाजली. दगड. बसप्पानं पहार बाजूला ठेवली आणि हातानं माती सारायला सुरुवात केली. दुपारपर्यंत निम्मा चौक मोकळा झाला. खाली अख्खी दगडी फरशी आहे, अक्का. आपण जन्मभर तिच्यावर खेळलो आणि आपल्याला पत्ता नव्हता.

रूपालीनं बादलीभर पाणी ओतलं आणि दगडांवर खड्डे दिसायला लागले. सात-सात खड्ड्यांच्या दोन ओळी. मला वाटलं काहीतरी खांब रोवायचे असतील. अंबूताई खुर्चीतूनच म्हणाल्या, "खांब कसले, अळगुळी आहे ती." आणि खरंच अळगुळी. आई श्रावणात लाकडी पाट काढायची, तूच चिंचोके मोजायचीस आणि मला हरवायचीस, तीच. दगडात कोरलेली. तिच्या शेजारी चौकाभाऱ्याची पंचवीस घरं, फुल्यांसकट. पलीकडे वाघ-शेळीच्या रेघा. आणखी पाणी, आणखी एक पट. संध्याकाळपर्यंत एकोणीस पट मोजले. काही सुबक आहेत, कसबी हातानं कोरलेले. एकाच्या रेघा वाकड्यातिकड्या आणि घरं लहानमोठी, आणि तो एवढा चिमुकला की बघताक्षणी कळावं, हा एखाद्या मुलानं केलाय. खड्ड्यांच्या कडा बोटं फिरून फिरून अशा गुळगुळीत झाल्यात की मी हात ठेवला तो काढवेना.

सप्तापूरहून इतिहासाचे एक प्राध्यापक येऊन बघून गेले. किती जुनी म्हणून विचारलं तर सरळ म्हणाले, सांगता येत नाही, शंभर असतील, तीनशेही असतील. मला तो आकडा नकोच होता. मी तिथेच मांडी घालून बसलो. या गावानं राज्यं बदललेली बघितली, रोगराई बघितली, दुष्काळ बघितले, आणि त्या सगळ्यात इथे कुणीतरी बसून चिंचोके मोजत होतं, शेजारी कुणाचं तरी मूल रांगत होतं. जागा मुलांची होती. माझ्या आधी कुणालाच ती बंद करावीशी वाटली नव्हती. आज सकाळी रूपालीची मुलगी त्या वाकड्या पटावर उकिडवी बसली होती, खड्ड्यांत एकेक चिंचोका टाकत. तिला कुणी शिकवलेलं नाही. मला भरून आलं आणि मी ते लपवलं नाही.

यापुढचं लिहू की नको, असा विचार करत मगाशी दोनदा उठलो.

झाडाच्या पूर्वेला, फांदीच्या बरोबर खाली, एका दगडात दोन खोलगट जागा आहेत, जवळजवळ. मी म्हणालो, पाणी साठून झाल्या असतील. बसप्पानं मान हलवली. "इदु मळी नीरिंद आद्दल्ल्री, वकीलर. कालिंद." पावसाच्या पाण्यानं नाही, पायांनी. झोक्यावर बसून पायानं जमीन रेटायची, ती जागा ही. प्रत्येक पंचमीला, त्याच दिशेच्या फांदीखाली, पायांमागून पाय. दगड झिजेपर्यंत. तो पुढे म्हणाला की त्यांच्या गावातही अजून तसंच आहे, जो दोरी बांधतो तोच आधी बसतो, आणि मग बायका-मुली.

आपले अप्पाही तसंच करायचे. धोतर सावरून आधी स्वतः बसायचे, तीन झोके घ्यायचे, उतरून गाठ पुन्हा आवळायचे आणि मग म्हणायचे, या ग मुलींनो.

आज इथेच थांबतो.

परशुराम

---

रविवार, २० जुलै २०२५

अक्का,

दोन महिने पत्र लिहिलं नाही. लिहायचं काय ते माहीत होतं, म्हणूनच लिहिलं नाही.

परवा लीलानं मैत्रिणीचं सोंग टाकून दिलं. पंचमी तोंडावर आली, चौकात पुन्हा झोका बांधायचं ठरलं, दोरी मी बांधावी असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, आणि मी ते टाळत राहिलो. ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "गेल्या महिन्यात मी अक्कांबरोबर बागेत गेले होते. उत्तराची वेदश्री झोपाळ्यावर बसली आणि आज्जी, झोका दे म्हणाली. अक्कांनी हात मागे घेतले. मला चक्कर येते म्हणाल्या आणि पाठ करून बसल्या. सात वर्षांची झाली वेदश्री. आजवर एकदाही त्यांनी तिला झोका दिलेला नाही. तुमच्या त्या एका वाक्यापासून."

ते वाक्य मला आठवतं. तुलाही आठवतं. आता मी ते सगळं, जसं घडलं तसं, लिहितो. यात काही लपवलेलं नाही.

पंचमीच्या त्या मंगळवारी सकाळी मी दोरी बांधली. नवा काथ्या होता. नव्या काथ्याची गाठ माणसाचं वजन पडल्याशिवाय बसत नाही, म्हणून बांधणारा आधी बसतो. त्यात पूजेचा काही भाग नाही, साधी अक्कल आहे. पण कोर्टात माझी अकराची तारीख होती. पांढरी पँट घातली होती, फळी पावसानं ओली होती, डाग पडला असता. मी बसलो नाही. शिडीवरून उतरलो, हात झटकले आणि सांगितलं, झालं. उत्तरा बसली. तू तिला झोका दिलास, जसा दरवर्षी द्यायचीस तसाच. तिसऱ्या झोक्याला गाठ सुटली आणि पोर कट्ट्यावर आदळली.

अप्पांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "परशा, बसून बघितलास ना?" मी हो म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं मला सहन झालं नाही आणि मी म्हणालो, "अक्कानंच फार जोरात झोका दिला."

तू उत्तराला उचलून घेतलेलं होतंस. तू वळून माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं तू चिडलीस. तू चिडली नव्हतीस, अक्का. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. तुझा भाऊ वकील, शिकलेला, तो सांगतो म्हणजे तुझ्याच हातानं झालं असणार. अप्पा गेले तेव्हा तू आलीस आणि दारातूनच परत गेलीस, त्याचा अर्थ मी रुसवा असा लावला, कारण तो मला सोयीचा होता. तुला या चौकात उभंच राहवत नव्हतं. आणि मीही ते झाड, ती माती, मुलांचा आवाज सहन करू शकत नव्हतो, म्हणून फांदी तोडली आणि डांबर ओतलं. लोकांना सांगितलं, मुलांच्या सुरक्षिततेसाठी.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की गाठ नीट मारली होती. ते खोटं होतं.

त्या दोन झिजलेल्या जागा बघितल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. एवढा दगड झिजला म्हणजे किती पंचम्या झाल्या असतील, आणि प्रत्येक पंचमीला कुणीतरी, कुणाचा तरी बाप, मामा, भाऊ, आधी स्वतः बसला असेल. त्यातल्या एकाचंही नाव कुणाला माहीत नाही. सगळ्यांनी आपापलं काम केलं आणि उठून गेले. मी एकटाच बसलो नाही, आणि दोष तुझ्या हातांना लावला.

मंगळवारी, २९ तारखेला, पंचमी आहे. सकाळी नऊ वाजता मी झोका बांधणार. बांधण्याआधी चौकात सगळ्यांसमोर हे सांगणार, कारण खोटंही सगळ्यांसमोरच बोललो होतो. तू यावंस असं म्हणायचा मला हक्क नाही. फक्त एवढं वाच: तुझ्या हातांनी काही केलेलं नाही. तुझे हात चांगले आहेत.

परशुराम

---

बुधवार, ३० जुलै २०२५

अक्का,

काल तू समोर होतीस तेव्हा माझ्या तोंडून धड एक वाक्य निघालं नाही, म्हणून पुन्हा पत्रच.

तू कधी आलीस ते मला दिसलं नाही. सकाळपासून भुरभुर चालू होती आणि चष्मा ओला झाला होता. मी चिंचेखाली उभा राहिलो आणि बोललो. पाच गल्ल्यांतली माणसं होती, तेव्हाची थोडी आणि नवी जास्त. नव्यांना कळेना की म्हातारा कसली कबुली देतोय. जुन्यांना कळलं. अंबूताईंनी पदर तोंडाला लावला. मग मी शिडीवर चढलो, लीलानं शिडी धरली आणि माझ्या वयाबद्दल जे काही म्हणायचं ते सगळं म्हणून घेतलं.

खाली उतरलो. फळी ओली होती. मी धोतर नेसून गेलो होतो, अप्पांचंच. बसलो. पाय खाली सोडले आणि ते आपसूक त्या दोन खोलगट जागांत गेले. अक्का, ते बरोबर बसले. माझ्याच मापाचे असावेत असे. माझ्या पायांखाली किती पाय होते कुणास ठाऊक, आणि ते सगळे मला उचलून धरत होते. मला रेटताही येईना. सहासष्ट वर्षांचा माणूस, लोकांसमोर, ओल्या फळीवर नुसता बसून राहिलो.

तेव्हा माझ्या पाठीवर दोन हात आले.

ते कुणाचे ते मला लगेच कळलं. याच हातांनी मला सायकल शिकवली होती. तू झोका दिलास, इतका हळू की फळी वीतभरसुद्धा हलली नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी तुझ्या हातांत किती जोर होता ते मला आठवतं, आणि काल त्या हातांत उरलेला तो बिचकता स्पर्श मी जन्मभर विसरणार नाही. तो माझ्यामुळे तसा झाला होता.

तू मागून विचारलंस, "परशा, गाठ बसली काय?"

मी म्हणालो, "अजून नाही अक्का. जोर लाव की."

दुसरा झोका तू थोडा जोरात दिलास. मग फळी मागे आली आणि तू थांबलीस. मला मागचं दिसत नव्हतं, पण तुझा श्वास ऐकू येत होता. तिसरा होता तो. मी दोरी धरून डोळे मिटले आणि वाट बघितली. आणि तू दिलास. असा दिलास की माझे पाय फांदीच्या पानांना लागले आणि टोपी उडाली. वरून मला अख्खा चौक दिसला, पावसानं काळी झालेली फरशी आणि तिच्यावरचे एकोणीस पट, प्रत्येक खड्ड्यात पाणी आणि प्रत्येक पाण्यात थोडं आभाळ. असं काही मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. गाठ करकरली आणि बसली.

मी उतरून ती पुन्हा आवळली. एवढ्यात वेदश्री पुढे आली आणि तिनं तुझा हात धरला. मी बाजूला झालो. उत्तरा माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, हात तसाच, कोपरात वाकलेला. मी तिला काही म्हणायला गेलो, तर तीच म्हणाली, "मामा, तुम्ही बसला नव्हता हे मला माहीत होतं. मी तिथेच उभी होते, पहिला नंबर लागावा म्हणून. घरी गेल्यावर आईला सांगितलं मी."

मी विचारलं, मग अक्का काय म्हणाली.

उत्तरा म्हणाली, "आई म्हणाली, परशा खोटं बोलणार नाही."

तो हाताचा आधार असलेला बाक मी तुझ्यासाठी करून घेतला होता, त्यावर पहिला मीच बसलो. तुझ्या लेकीनं खरं सांगितलं आणि तू माझं खरं मानलंस. याची भरपाई कशानं होत नाही हे मला समजतं. माफ केलंस असं तू काल म्हणाली नाहीस. म्हणू नकोस, मी विचारणारही नाही.

पण बाकावरून मी जे बघितलं ते तुला सांगतो, कारण तू स्वतःला बघू शकत नव्हतीस. तू पदर खोचलास. चप्पल काढून ठेवलीस. वेदश्रीच्या पाठीला हात लावलास आणि पहिला झोका दिलास. पोरगी ओरडली, अजून. दुसरा दिलास. मी मनात मोजत होतो. उत्तराही मोजत असावी, कारण तिनं माझी बाही धरली होती.

तिसऱ्याला तू थांबली नाहीस. चौथ्यालाही नाही. मग मी मोजायचं सोडून दिलं.

लीलाचा उंड्यांचा डबा काल तू बाकावरच विसरून गेलीस. ती आजच तो घेऊन तुझ्याकडे निघाली होती, मीच अडवलं. डबा पोस्टानं पाठवता येत नाही, आणि आता तो कुणी चोरून पोचवणारही नाही. रविवारी सकाळी चौकात अळगुळी मांडतो. चिंचोके मी धुऊन ठेवलेत, मोजायचे तू.

परशा